फुफ्फुसातील गुठळीचे निदान : वेल्सच्या गुणांपासून सीटीपर्यंत

आठवड्यापूर्वी खुब्याचे ऑपरेशन झालेली एखादी बाई अचानक दम लागतो म्हणून जतच्या किंवा आटपाडीच्या दवाखान्यात येते. तिची नाडी मिनिटाला १२० असते आणि छातीच्या एक्स-रेत विशेष काही सापडत नाही. अशा वेळी तिला सीटी स्कॅनसाठी मिरजेला किंवा सांगलीला हलवायचे का, हे डॉक्टरांना तिथेच ठरवावे लागते. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभे केले तेव्हापासून, आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर तर अधिकच, अवघड आजाराचा माणूस मिरजेला न्यायचा हा या भागाचा रिवाज आहे. मात्र कोणाला न्यायचे आणि कोणाला नेण्याची गरज नाही, हे पल्मनरी एम्बोलिझमच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकण्याच्या, बाबतीत समजायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षे लागली.

पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते, हे जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८४० च्या दशकात शवविच्छेदनातून दाखवले. आजार कळला, तरी जिवंत रुग्णात तो ओळखण्याचे साधन नव्हते. १९६० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बॅरिट आणि जॉर्डन यांनी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाची चाचणी घेतली, तेव्हाही निदान केवळ लक्षणांवरून आणि तपासणीवरून केलेले होते. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीने दगावले, औषध मिळालेल्या १६ जणांपैकी एकही नाही. हा फरक पाहून औषधाविना रुग्ण ठेवणे तिथेच थांबवण्यात आले. या चाचणीनंतर निदानाला वेगळेच वजन आले, कारण निदान चुकले तर रुग्ण जातो, आणि नसलेला आजार आहे असे धरले तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो.

पुढची तीन दशके किरणोत्सारी द्रव्य वापरून फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते हे दाखवणाऱ्या व्ही-क्यू स्कॅनची होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पायोपेड’ या अमेरिकी अभ्यासाने त्याची मर्यादा उघड केली. आजार असलेल्यांपैकी केवळ ४१ टक्के रुग्णांत स्कॅनने ठाम कौल दिला आणि उरलेल्यांचे अहवाल संदिग्ध राहिले. त्याच अभ्यासातून दुसरी, माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट पुढे आली : स्कॅनपूर्वी डॉक्टरने बांधलेला अंदाज आणि स्कॅनचा निष्कर्ष जुळले, तर निदानाची खात्री कितीतरी वाढते.

डॉक्टरचा अंदाज अनुभवागणिक बदलतो, म्हणून कॅनडातील फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुणांत बांधला. २००० मध्ये आलेल्या सुटसुटीत रूपात सात बाबी आहेत. पायात गुठळीची चिन्हे असल्यास ३, दुसरे कोणतेही निदान तितकेसे संभवत नसल्यास ३. नाडी १०० च्या वर, गेल्या चार आठवड्यांतील ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणे, आणि पूर्वी झालेली गुठळी यांना प्रत्येकी दीड. थुंकीतून रक्त आणि कर्करोग यांना प्रत्येकी १. बेरीज ४ च्या वर गेली की शक्यता बळकट. वर सांगितलेल्या बाईला दुसरे कारण दिसत नसल्यास ६ गुण होतात. तिच्या बाबतीत डी-डायमर या, विरणाऱ्या गुठळीचे अंश मोजणाऱ्या, रक्ततपासणीत वेळ न घालवता स्कॅनला पाठवणे योग्य. क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या आपल्या भागात थुंकीतले रक्त आणि वाढलेली नाडी यांना दुसरी कारणे असतात, त्यामुळे ‘दुसरे निदान’ ही बाब विचारपूर्वक भरावी लागते. एकट्या त्या उत्तराने निर्णय उलटू शकतो.

दरम्यान, फ्रान्समधील लील येथे मार्टिन रेमी-जार्डिन यांनी १९९२ मध्ये स्पायरल सीटीने एका श्वासात फुफ्फुसाच्या धमन्यांचे चित्र घेऊन गुठळी प्रत्यक्ष दाखवली होती. गुण, डी-डायमर ही रक्ततपासणी आणि सीटी यांची साखळी नेदरलँड्समधील ३३०६ रुग्णांवर तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ४ किंवा कमी गुण आणि डी-डायमर ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत, अशा ज्या १०२८ जणांना स्कॅन आणि औषध दोन्हींविना सोडले, त्यांच्यापैकी तीन महिन्यांत केवळ ५ जणांना गुठळीचा त्रास झाला आणि त्यातला एकही जिवावर बेतला नाही.

त्याच वर्षीच्या ‘पायोपेड-२’ ने सीटीवर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांना थांबवले. डॉक्टरचा संशय कमी असताना सीटीने गुठळी दाखवली, तर ती ५८ टक्के वेळाच खरी ठरली. उलट संशय दाट असताना सीटी स्वच्छ आला, तरी दर दहा जणांत चौघांना आजार होताच. म्हणूनच सीटीच्या चिठ्ठीवर वेल्सचे गुण लिहिलेले असावेत, असे मला मनापासून वाटते. चित्र वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला आणि पुढे उपचार करणाऱ्यालाही त्यांचा आधार लागतो.

डी-डायमरची मर्यादाही पुढे बदलली. वयाबरोबर, तसेच संसर्गात, गरोदरपणात आणि ऑपरेशननंतर ते वाढते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना विनाकारण स्कॅनला जावे लागे. २०१४ च्या ‘अ‍ॅडजस्ट-पीई’ अभ्यासानंतर पन्नाशीपुढे वयाला दहाने गुणून मर्यादा धरली जाऊ लागली. शक्यता कमी असलेल्या ७२ वर्षांच्या आजोबांचे डी-डायमर ६८० आले, तर त्यांची मर्यादा ७२० धरून त्यांना सीटीसाठी मिरजेला न्यावे लागत नाही. मात्र अहवालातले एकक आधी पाहायला हवे, कारण ५०० ची मर्यादा ज्या एककात (एफईयू) ठरली आहे, त्याच्या निम्मे आकडे देणारे दुसरे एककही (डीडीयू) प्रयोगशाळा वापरतात.