बेल वाजली की कोण उठतं?

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा 45 च्या आसपास, अख्खं घर कूलरसमोर आडवं. अशात दारावरची बेल वाजते. "उठ न बे, पाह्य कोण आलं," असं सगळे एकमेकांना सांगतात आणि उठते ती मावशीच. दरवेळी. कूलरमध्ये पाणी टाकायला मात्र असं ठरलेलं माणूस नाही. ज्याला उकडलं, तो बादली उचलतो.

सामाजिक कोळ्यांबद्दल वाचताना मला मावशी आठवली.

जगात कोळ्यांच्या 50 हजारांच्या घरात जाती. बहुतेक एकलकोंड्या, सोबत आलेल्यालाच गिळणाऱ्या. कायम एकत्र नांदणाऱ्या जेमतेम पंचवीसेक. त्यातली स्टेगोडायफस सारासिनोरम ही आपल्या भारतातली. झुडपावर वाळकी पानं गुंतवून विणलेलं घरटं, त्याला जोडून शिकारीचं जाळं आणि आत कधी शेकडो कोळी, त्यात माद्याच जास्त. जोड्या भावंडांतच लागतात, म्हणून सगळ्या जवळपास एकाच साच्यातल्या. मुंग्यांसारखी राणी नाही, कामकरी-सैनिक अशी वाटणी नाही. तरीही माशी अडकून धागे थरथरले की धावणाऱ्या बऱ्याचदा त्याच त्या.

धिटाई मोजायची रीत साधी आहे. रबरी फुग्यानं कोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. शिकारी पक्षी आला समजून तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. पुन्हा चालू लागायला किती वेळ लागला, ते घड्याळावर बघायचं. कोणी काही सेकंदांत निघतो, कोणी दहा मिनिटं ढिम्म.

यावरून एक मोठा दावा उभा राहिला होता: एकच धीट कोळी अख्ख्या वसाहतीचं वागणं बदलतो. जोनाथन प्रुइट या संशोधकाचे असे निबंध खूप गाजले. मग त्यांच्या सहलेखिका केट लास्कोव्स्की यांनी आकडेवारीत तेच ते आकडे पुन्हा पुन्हा आल्याचं 2020 मध्ये जाहीर केलं. त्यांनी स्वतःचं नाव असलेले निबंधही मागे घेतले. पुढे प्रुइट यांचे डझनाहून अधिक निबंध रद्द झाले. स्वतःच्याच कामावर काट मारायला जी धिटाई लागते, ती फुग्यानं मोजता येत नाही, हे जाता जाता.

म्हणून कोळ्यांना स्वभावच नाही, असं मात्र नाही. तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये आपल्या याच भारतीय कोळ्यावरचं काम प्रसिद्ध केलं. शिकारीवर कोण जातं, यात दीर्घकाळ सातत्य दिसलं. जाळ्याच्या डागडुजीत ते दिसलं नाही. म्हणजे बेलला माणूस ठरलेला, बादलीला नाही. एका म्होरक्यानं कुळ हलवण्याच्या कहाणीपेक्षा हे फिकं वाटेल, पण मला जास्त खरं वाटतं.

शिकार पडली की मात्र न धावलेल्याही गोळा होतात. पाचक रस सोडून विरघळवलेली माशी सगळ्या मिळून शोषतात. मावशीनं दारातून आत आणलेल्या आंब्यांच्या पेटीचंही आमच्याकडे तेच होतं.