हात हलला की फूल हललं?

रानफुलाचा फोटो धूसर आला की सल्ला ठरलेला असतो: ट्रायपॉड घे, नाहीतर स्टॅबिलायझरवाली, म्हणजे हाताचा कंप सावरणारी, लेन्स घे. धूसरपणा आला कशामुळे, हे कुणी विचारतच नाही.

हात हलल्याने काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅमेरा सरकतो, त्याबरोबर अख्खी चौकट सरकते. त्यावर ट्रायपॉड, स्टॅबिलायझर, नाहीतर एखाद्या बुंध्याचा टेकू चालतो. हा विषय इथेच संपला.

फूल हलणं हे वेगळं दुखणं आहे. झाडांखाली उजेड कमी, म्हणून शटर १/५० वर आलेलं असतं, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहतं. समजा, चौकटीत १० सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो आणि २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० पिक्सेल आहेत. म्हणजे फुलाजवळचा एक मिलिमीटर ६० पिक्सेल व्यापतो. बारीक देठावरचं फूल सेकंदाला ५ सेंटिमीटर या वेगाने डुललं, तर शटर उघडं असताना ते बरोबर एक मिलिमीटर सरकतं आणि पाकळीची कड ६० पिक्सेल फासली जाते. ट्रायपॉड कितीही भक्कम असो, त्या ६० चे ५९ होत नाहीत. शटर १/५०० करा, ६ उरतात.

कारण ओळखायला फोटो पूर्ण मोठा करा आणि फुलाच्याच अंतरावरचा दगड किंवा गळलेलं पान बघा. ते स्वच्छ आणि फूल फासलेलं, तर फूल हललंय. दोन्ही एकाच दिशेने फासलेली, तर हात. फुलाच्या पुढचं किंवा मागचं काही स्वच्छ असेल, तर फोकस चुकलाय.

फूल हलत असेल तर आधी शटरचा वेग वाढवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६००, ३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. आयएसओ १०० चा हट्ट मला अजिबात पटत नाही. आयएसओ वाढवल्याने येणारा दाणेदारपणा नंतर बराच कमी करता येतो, फासलेली पाकळी सावरता येत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) उघडून थोडी मदत होते, पण त्याने स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्वच्छ दिसतो ती, घटते आणि इतक्या जवळून ती मुळातच काही मिलिमीटर असते, त्यामुळे तिथे फार ताणू नका. त्यापेक्षा डुलणं नीट बघा: झोक्याच्या दोन्ही टोकांना फूल क्षणभर थांबतं. तो क्षण साधून चारपाच फोटो सलग काढा. वाऱ्याच्या बाजूला उघडी छत्री धरली तरी पुष्कळ फरक पडतो.

मोबाइलचा नाइट मोड इथे टाळाच. तो अनेक फ्रेम एकत्र जोडतो आणि डुलणारं फूल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतं.

आणि वारा नडतो म्हणून फूल खुडून दगडावर मांडणं, किंवा कॅमेरा टेकवायला शेजारची रोपं उपटणं, हे मला सहन होत नाही. त्या देठाला अजून बी धरायचं असतं.