नेव्हाडा (बीबी-३६)

अमेरिकेच्या नौदलातील एक बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखत आणि प्रचंड तोफा असलेली युद्धनौका. नेव्हाडा राज्यावरून तिचे नाव ठेवले होते. १९१६ ते १९४६ या काळात ती सेवेत होती आणि दोन्ही महायुद्धांत तिने भाग घेतला. हवाई बेटांतील पर्ल हार्बर या नौदल तळावरील जपानी हल्ला झेललेली आणि पुढे फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरतानाही हजर असलेली ती एकमेव बॅटलशिप होय. शत्रूच्या बॅटलशिपशी खोल समुद्रात दोन हात करण्यासाठी ती बांधली होती, पण तशी लढाई तिच्या वाट्याला एकदाही आली नाही. तिच्या तोफा डागल्या गेल्या त्या जवळजवळ सगळ्या जमिनीवर. तिची कारकीर्द या अंगाने पाहिली तर तिचे खरे मोल कळते.

रचना

मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी येथे फोर रिव्हर या कारखान्यात ४ नोव्हेंबर १९१२ रोजी तिची बांधणी सुरू झाली. ११ जुलै १९१४ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ११ मार्च १९१६ रोजी ती नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १७८ मीटर, रुंदी २९ मीटर, वजन २७,५०० टन आणि वेग साडेवीस नॉट, म्हणजे ताशी साडेवीस सागरी मैल. मुख्य तोफा १४ इंची, एकूण दहा: दोन फिरत्या मनोऱ्यांत तीन-तीन आणि दोन मनोऱ्यांत दोन-दोन. एका मनोऱ्यात तीन तोफा बसवण्याचा प्रयोग अमेरिकेने याच वर्गात, म्हणजे एकाच आराखड्याच्या नौकांच्या गटात, प्रथम केला. ओक्लाहोमा ही तिची जुळी बहीण.

तीन तोफांच्या मनोऱ्यापेक्षा इतर दोन बदलांनी तिचे नशीब अधिक घडवले. पहिला बदल इंधनाचा. त्याआधीच्या अमेरिकी बॅटलशिप कोळशावर चालत, काहींत कोळशाच्या जोडीला तेल असे. नेव्हाडा आणि ओक्लाहोमा निव्वळ तेलावर चालणाऱ्या. तेलामुळे बॉयलरपुढे फावडी मारणारी माणसे कमी लागतात, एकदा टाक्या भरल्या की पल्ला वाढतो आणि भर समुद्रातही इंधन घेता येते.

दुसरा बदल चिलखताचा. जुन्या नौकांच्या अंगावर निरनिराळ्या जाडीचे पोलाद सर्वत्र पसरलेले असे. मध्यम जाडीचे पोलाद मोठ्या गोळ्याला अडवू शकत नाही, उलट त्याचा स्फोट मात्र घडवून आणते. म्हणून नेव्हाडाच्या आराखड्यात ‘सर्व किंवा काहीच नाही’ हे तत्त्व आले. दारूकोठारे, यंत्रे, मनोरे आणि नियंत्रणकक्ष यांना मिळेल तेवढे जाड चिलखत आणि बाकी भाग जवळपास उघडा. मधल्या पट्ट्याचे पोलाद साडेतेरा इंच, तर तीन तोफांच्या मनोऱ्याचे तोंड १८ इंच जाड होते. पुढे अमेरिकेच्या सर्व बॅटलशिप याच तत्त्वावर बांधल्या गेल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर इतर नौदलांनीही त्याचा स्वीकार केला.

पहिले महायुद्ध

तिचा पहिला कप्तान विल्यम सिम्स. नौदलाच्या नेमबाजीत सुधारणा व्हावी म्हणून वरिष्ठांना डावलून थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहिणारा हा अधिकारी. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा युरोपातील अमेरिकी नौदलाची सूत्रे त्याच्याकडे गेली. त्याची जुनी नौका मात्र अटलांटिकच्या अलीकडेच राहिली आणि याला कारण ठरले तेच तेल. ब्रिटनकडे कोळसा भरपूर होता, तेल बाहेरून आणावे लागे, आणि जर्मन पाणबुड्यांनी तेलवाहू जहाजे बुडवल्यामुळे त्याची टंचाई होती. त्यामुळे ब्रिटिश आरमाराच्या मदतीला अमेरिकेने न्यूयॉर्क, वायोमिंग, फ्लोरिडा, डेलावेअर अशा कोळशावरच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या बॅटलशिप पाठवल्या. सर्वांत आधुनिक नौका मायदेशी सराव करत राहिल्या.

अखेर ऑगस्ट १९१८ मध्ये नेव्हाडा आयर्लंडच्या बँट्री उपसागरात पोहोचली. जर्मनीची मोठी जहाजे अटलांटिकमध्ये घुसून सैन्यवाहू काफिल्यांवर तुटून पडली तर त्यांना तोंड द्यायचे, हे तिचे आणि ओक्लाहोमा व यूटा या सोबतिणींचे काम. ती जहाजे आली नाहीत आणि नोव्हेंबरात युद्ध संपले. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन शांतता परिषदेसाठी फ्रान्सला निघाले, त्यांच्या जहाजाला ब्रेस्ट बंदरापर्यंत सोबत करणाऱ्या ताफ्यात ती होती.

युद्धांमधली वर्षे

१९२१ मध्ये पेरूच्या आणि १९२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्यशताब्दीला हजेरी, १९२५ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा सदिच्छा दौरा, अशी ही शांततेची वर्षे. महत्त्वाची घटना म्हणजे १९२७ ते १९३० या काळात नॉरफोक येथे झालेले आधुनिकीकरण. जाळीदार मनोऱ्यांसारखे मास्ट जाऊन तिवईचे मास्ट आले, नवे बॉयलर बसले, विमानविरोधी तोफा आणि विमान उडवण्याची यंत्रणा आली, पाणतिरापासून (टॉर्पेडोपासून) बचावासाठी दोन्ही कुशींना फुगवटे जोडले. मुख्य तोफा आता ३० अंशांपर्यंत उचलता येऊ लागल्या. त्यांचा पल्ला २३,००० यार्डांवरून ३४,००० यार्डांवर गेला. पंधरा वर्षांनंतर नॉर्मंडीत हा वाढीव पल्ला फार उपयोगी पडला.

पर्ल हार्बर

७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी फोर्ड बेटाच्या कडेला बॅटलशिपची रांग उभी होती. नेव्हाडा रांगेच्या टोकाला, ॲरिझोनाच्या मागे, एकटी बांधलेली होती. बाजूला दुसरी नौका नसल्यामुळे तिला हलता येणे शक्य होते. आदल्या रात्रीपासून एक बॉयलर चालू होता. पहाऱ्यावरील तरुण अधिकारी जोसेफ टॉसिग याने त्या सकाळी दुसराही पेटवायला सांगितला होता. त्यामागे हल्ल्याची चाहूल वगैरे काही नव्हती, एका बॉयलरचे काम दुसऱ्यावर टाकायचे एवढाच विचार. पुढचे सगळे त्या वाफेमुळे शक्य झाले.

आठ वाजता ध्वजारोहणासाठी बँडने राष्ट्रगीत सुरू केले आणि तेवढ्यात जपानी विमाने डोक्यावरून गेली. गोळ्या डेकवर आदळत असताना वादकांनी राष्ट्रगीत पुरे केले आणि मगच ते आडोशाला धावले. काही मिनिटांत डाव्या बाजूला, नाळेजवळ (पुढच्या टोकाजवळ) पाणतीर लागला आणि नौका कलू लागली. समोर ॲरिझोनाचा स्फोट होऊन जळते तेल पाण्यावर पसरत होते. कप्तान किनाऱ्यावर गेलेला होता. नौकेवरील सर्वांत वरिष्ठ अधिकारी फ्रान्सिस थॉमस याने निघायचे ठरवले.

एरवी बॅटलशिप धक्क्यावरून हलवायला तासन्‌तास लागतात आणि ओढणाऱ्या टगबोटी लागतात. नेव्हाडा पाऊण तासात, कोणाच्याही मदतीशिवाय निघाली. एडविन हिल हा मुख्य बोसन, म्हणजे डेकवरच्या कामांचा प्रमुख, काही खलाशांना घेऊन धक्क्यावर उतरला, गोळीबारात त्याने दोर सोडले आणि सुटलेली नौका पोहत गाठली. पेटलेल्या ॲरिझोनाला अगदी जवळून वळसा घालून ती पुढे सरकली. त्या सकाळी बंदरातून निघू शकलेली ती एकटीच बॅटलशिप. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांनी जयघोष केला, अशा आठवणी अनेकांनी पुढे सांगितल्या आहेत.

जपानी विमानांची दुसरी लाट आली तेव्हा ही हलती नौका त्यांच्या नजरेत भरली. अरुंद खाडीच्या तोंडाशी तिला बुडवले तर सारे बंदर अडकणार होते. बॉम्बमागून बॉम्ब पडले, निदान पाच तरी लागले, नाळेकडचा भाग पेटला. बंदराबाहेर पडू नये, असा इशारा किनाऱ्यावरून आला. तेव्हा तिला हॉस्पिटल पॉइंटजवळ मुद्दाम उथळ पाण्यात रुतवले. नांगर टाकण्यासाठी नाळेकडे गेलेला हिल बॉम्बच्या स्फोटात मारला गेला. जनित्रकक्षात धूर आणि वाफ भरली तेव्हा यंत्रविभागाच्या डोनाल्ड रॉसने आपल्या माणसांना बाहेर काढले आणि डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत एकट्याने यंत्रे चालू ठेवली. बेशुद्ध होऊन शुद्धीवर आल्यावर तो परत आत गेला. दोघांनाही मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, हिलला मरणोत्तर. टॉसिगची मांडी फुटली होती, तरी तो विमानविरोधी तोफांची सूत्रे सोडायला तयार नव्हता. पुढे त्याचा तो पाय कापावा लागला. नेव्हाडावर ६० माणसे मरण पावली आणि १०९ जखमी झाली.

तिच्या बचावात योगायोगाचाही वाटा आहे. त्या आठवड्यात मुख्य तोफांचे जुने गोळे व दारू उतरवून नवे, जड गोळे भरण्याचे काम चालले होते. गोळे चढले होते, दारू रविवारी चढायची होती. पुढच्या मनोऱ्याजवळ बॉम्ब फुटला तेव्हा खालची कोठारे दारूविना होती. ॲरिझोनाची गत ज्या स्फोटाने झाली, तसा स्फोट इथे होऊ शकला नाही. पाण्यापुढे मात्र चिलखत निरुपयोगी ठरले. हवा खेळवण्याच्या मार्गांतून आणि नीट बंद न होणाऱ्या भिंतींतून पाणी डब्याडब्यांत शिरत गेले. ओक्लाहोमा त्याच सकाळी उलटली आणि तिच्यासह ४२९ माणसे गेली.

१२ फेब्रुवारी १९४२ रोजी नेव्हाडा पुन्हा तरंगली. त्याआधी काहीच दिवस, आत साचलेल्या विषारी वायूने नौका वर काढण्याच्या कामातील दोघांचा जीव घेतला होता. पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात बुड्या मारून काम करणाऱ्या माणसांनी, तेलाने माखलेल्या काळोखात भोके बुजवली, त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. नेव्हाडाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख शौर्यपदकांच्या बरोबरीने व्हायला हवा.

दुसरे महायुद्ध

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्युजेट साउंड येथील दुरुस्तीनंतर १९४२ च्या अखेरीस ती सज्ज झाली. वरचा सांगाडा इतका बदलला होता की जुन्या छायाचित्रांवरून ती ओळखू येत नाही. मे १९४३ मध्ये अल्यूशियन बेटांतील अट्टू जपान्यांकडून परत घेताना तिने किनाऱ्यावर तोफा डागल्या. नंतर अटलांटिकमध्ये काफिल्यांची राखण केली.

६ जून १९४४ च्या पहाटे ती नॉर्मंडीत ‘यूटा’ हे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यासमोर उभी होती. जर्मन तोफांचे तळ, काँक्रीटच्या भिंती, आणि आत उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांना वेढणारे रणगाडे हे तिचे लक्ष्य. किनाऱ्यावरच्या निरीक्षकांनी रेडिओवरून ठिकाण सांगायचे आणि तिने समुद्रावरून गोळे टाकायचे. काही गोळे १७ सागरी मैलांपर्यंत आत गेले. शत्रूचे गोळे २७ वेळा तिच्या दोन्ही बाजूंना पडले, पण एकही अंगावर बसला नाही. २५ जूनला शेरबूर्गच्या किनारी तोफांशीही ती लढली.

ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समधील तूलाँजवळ तिची गाठ सें-मांद्रिए येथील तोफखान्याशी पडली. अमेरिकी सैनिक त्याला ‘बिग विली’ म्हणत. तिथल्या ३४० मिमी तोफा मुळात बॅटलशिपच्या जातीच्या. प्रोव्हान्स या फ्रेंच नौकेवरून काढलेल्या नळ्या जर्मनांनी तिथे बसवल्या होत्या. नेव्हाडाच्या आयुष्यात बॅटलशिपशी झालेला सामना म्हणायचा तर तो हाच, आणि त्यातला प्रतिस्पर्धी खडकात गाडलेला होता. बरेच दिवस भडिमार चालला आणि ऑगस्ट संपण्याआधी तूलाँ पडले.

सततच्या माऱ्याने नळ्या झिजल्यामुळे त्या बदलणे भाग पडले. पुढच्या मनोऱ्यात बसवलेल्या नळ्या पूर्वी ॲरिझोना आणि ओक्लाहोमा यांच्यावर होत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा या जपानी बेटावर याच नळ्यांनी जपानी मोर्चांवर आग ओकली. पर्ल हार्बरला गमावलेल्या दोन्ही नौकांचे लोखंड असे लढाईत परतले. इवो जिमाला नेव्हाडा किनाऱ्यापासून ६०० यार्डांपर्यंत पुढे गेली होती.

२७ मार्च १९४५ रोजी जपानच्या ओकिनावा बेटाजवळ एक कामिकाझे (आत्मघातकी) विमान तिसऱ्या मनोऱ्यापाशी आदळले. ११ जण ठार आणि ४९ जखमी झाले, मनोऱ्याच्या तोफा निकामी झाल्या. ५ एप्रिलला किनाऱ्यावरील तोफेने आणखी दोघांचा बळी घेतला. तरी ती त्या मोहिमेत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीबद्दल तिला सात युद्धतारे, म्हणजे लढायांतील सहभागाची मानचिन्हे, मिळाले.

बिकिनी आणि शेवट

तीस वर्षांच्या नौकेला नौदलात जागा उरली नव्हती. जुलै १९४६ मध्ये मार्शल बेटांतील बिकिनी येथे अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी जमवलेल्या ताफ्यात ती लक्ष्य म्हणून मधोमध नांगरली आणि विमानातून ठळक दिसावी म्हणून नारिंगी-लाल रंगवली. त्याच खाजणात जपानची नागातो होती. पर्ल हार्बरच्या हल्ल्यावेळी ॲडमिरल यामामोतो यांचे ध्वजजहाज हेच होते. १ जुलैला बी-२९ विमानाने टाकलेला बॉम्ब नेम चुकून गिलियम या सैन्यवाहू जहाजावर फुटला. २५ जुलैला पाण्याखाली दुसरा स्फोट झाला. नागातो काही दिवसांनी बुडाली. नेव्हाडा तरंगत राहिली, पण किरणोत्साराने वापराबाहेर गेली.

पहिल्या चाचणीत तिच्या एका मनोऱ्यात, जाड चिलखतामागे, एक बकरी बांधली होती. ती चार दिवसांत किरणोत्साराने मेली. १९१२ च्या आराखड्यात ज्या पोलादावर सारा भरवसा होता ते जागेवरच होते, पण आतल्या जिवाला वाचवू शकले नाही. बॅटलशिपचे युग का संपले हे सांगायला याहून बोलकी नोंद मला आढळलेली नाही.

२९ ऑगस्ट १९४६ रोजी तिला सेवेतून काढले. जुलै १९४८ मध्ये हवाईच्या नैर्ऋत्येला नेऊन आयोवा आणि इतर नौकांनी तिच्यावर कित्येक दिवस नेमबाजीचा सराव केला. तोफांनी ती बुडेना. अखेर ३१ जुलैला विमानातून सोडलेल्या पाणतिराने तिला जलसमाधी मिळाली. मे २०२० मध्ये तिचे अवशेष सुमारे ४,७०० मीटर खोलीवर सापडल्याचे जाहीर झाले.

ॲरिझोनावरून नेव्हाडावर आलेली एक नळी ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे, मिसूरी या बॅटलशिपच्या नळीशेजारी, स्मारक म्हणून ठेवली आहे. नेव्हाडा हे नाव १९८६ पासून अमेरिकेच्या ओहायो वर्गातील एका अणुपाणबुडीला आहे.