गोंगाटात आधी काय हरवतं?

गोंगाट सगळ्या आवाजांना सारखा झाकत नाही. 1876 साली अमेरिकी पदार्थवैज्ञानिक आल्फ्रेड मेयर यांनी लिहून ठेवलं की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्याला गिळतो, उलट मात्र घडत नाही. बेल कंपनीच्या वेगेल आणि लेन यांनी 1924 मध्ये हे मोजून पाहिलं. कारण आतल्या कानात आहे. ध्वनीची लाट तिथल्या पडद्यावरून जाताना आधी वरच्या पट्टीची जागा ओलांडते आणि मग खालच्या पट्टीच्या जागी पोचते, म्हणून जाड आवाज वाटेतच बारीक आवाजाची जागा हलवून टाकतो. ही लाट दाखवून देणाऱ्या बेकेशी यांना 1961 चं नोबेल मिळालं.

दरम्यान 1911 मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली होती. बोलत्या माणसाच्या कानात यंत्राने खडखडाट सोडला की त्याचा आवाज चढतो आणि खडखडाट थांबताच उतरतो, आणि त्याचं त्याला कळतही नाही. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्यांना ओळखायला लोंबार यांनी हीच युक्ती सुचवली. खरोखर ऐकू येत नसेल तर आवाज चढायचं कारणच नाही!

पुढचं बरंचसं काम दुसऱ्या महायुद्धाने करून घेतलं. विमानाच्या घरघरीत वायरलेसवरचा हुकूम चुकीचा ऐकला गेला तर माणसं मरतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर तेव्हा हार्वर्डमध्ये नेमकं उलट शोधत होते: शत्रूचं बोलणं बुडवायला कसला गोंगाट लागेल? या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग त्यांनी पुढे पॅट्रिशिया नायसली यांच्यासोबत केला, तो 1955 मध्ये छापून आला. 16 इंग्रजी व्यंजनं, प्रत्येकापुढे एकच स्वर, आणि मागे कमीजास्त गोंगाट. कोणत्या व्यंजनाऐवजी कोणतं ऐकू आलं, याचे तक्ते त्यांनी मांडले. ऐकणाऱ्यांच्या चुका वाटेल तशा नव्हत्या. गोंगाट बोलण्यापेक्षा 12 डेसिबलनी वरचढ असतानाही व्यंजन घोष (‘ग’सारखं, कंठ थरथरवणारं) की अघोष (‘क’सारखं) आणि अनुनासिक (‘म’, ‘न’सारखं, नाकातून येणारं) आहे की नाही, हे बऱ्याचदा कळत होतं. उच्चाराची जागा, म्हणजे ओठ, दात की कंठ, हे मात्र सर्वांत आधी हरवत होतं. हाच हिशेब आपल्या भाषेला लावला तर ‘मामा’चा ‘नाना’ सहज होईल, ‘काका’ सहसा होणार नाही.

जे कानातून निसटतं ते डोळा पकडतो. ओठ बंद झाले की उघडे राहिले, एवढं दिसलं तरी ‘म’ आणि ‘न’ वेगळे होतात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर गोंगाटात शब्द कितीतरी जास्त कळतात, हे समबी आणि पोलॅक यांनी 1954 मध्येच दाखवलं होतं.

वयाने किंवा कारखान्यातल्या आवाजाने आतला कान झिजला की जवळजवळच्या पट्ट्या वेगळ्या करण्याची त्याची ताकद कमी होते. मग समोरासमोर शांतपणे नीट उत्तरं देणारे आजोबा लग्नाच्या हॉलमध्ये भलतंच बोलतात, आणि घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं.’ हा आरोप अन्यायाचा आहे. शांत खोलीत एकेक सूर ऐकवून केलेल्या तपासणीत ही अडचण पुरती दिसत नाही. त्यासाठी मागे गोंगाट ठेवून वाक्यं ऐकवणाऱ्या चाचण्या बनल्या. त्यांतली एक बरीच वापरली जाणारी इंग्रजी चाचणी 1994 मध्ये आली.