आजीचा फोटो, अजिंठ्याचा गेरू आणि कापसाचा कागद

परभणीजवळच्या आमच्या शेतात कापूस वेचताना आजीचा एक फोटो काढला होता. लॅपटॉपवर तिच्या सुरकुत्या, ओटीतला पांढराशुभ्र कापूस, सगळं लख्ख दिसायचं. घरी छापला तर चेहरा काळवंडलेला. प्रिंटर अगदी ठीक होता. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद खोलीतला उजेड फक्त परतवतो. त्यामुळे छपाईआधी स्क्रीनचा उजेड इतका उतरवायचा, की शेजारी धरलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचं पांढरं पान सारखंच उजळ दिसावं. मी तसं केलं, मग फोटो थोडा उजळ केला, आणि दुसऱ्या प्रिंटमध्ये आजी दिसली.

पण ती टिकणार किती? इथे शाई महत्त्वाची. साध्या फोटो प्रिंटरमध्ये बहुधा डाय शाई असते. तिच्यातला रंग पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला असतो. ऊन आणि हवेतला ओझोन त्याचे सुटे रेणू भराभर मोडतात आणि फोटो विटतो. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण तरंगत असतात. एकेका कणात असंख्य रेणू. वरचे झिजले तरी आतले शाबूत राहतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी वापरली, तेही पिगमेंटच. पाचव्या शतकातला तो तांबडा रंग आजही ओळखू येतो. प्रिंटर घेताना म्हणूनच मी आधी ‘शाई कोणती?’ हे विचारतो, मग किंमत.

कागदाचंही तसंच. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक उरतो, त्यानेच वर्तमानपत्र पिवळं पडतं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे कागदाचा मूळ तंतू; त्यात लिग्निन जवळजवळ नसतंच. आपल्या दौलताबाद-खुलताबाद परिसरातल्या कागजीपुऱ्यात हातकागद बनतो, तो छापायला वापरायचा मोह मलाही झाला. मात्र कोऱ्या हातकागदावर शाई फुटते, रंग मंद पडतात. जुने कारागीर कागदाला खळ लावून दगडाने घोटत, ते बोरूची शाई पसरू नये म्हणून. आज तेच काम इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब फवारणाऱ्या प्रिंटरच्या, कागदावरचा लेप करतो. तेव्हा लेप असलेला, आम्लरहित, 100 टक्के कापसाचा कागद घ्यावा. अतिशुभ्र कागद टाळावा: त्यातली चकाकी आणणारी रसायनं अतिनील किरण शोषून निळसर उजेड सोडतात, आणि ती थकली की कागद पिवळसर दिसतो.

कागद बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या कागदाची आणि आपल्या प्रिंटरची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या जोडीवर रंग कसे उमटतात हे संगणकाला सांगणारी फाइल, मिळते. ती वापरलीच पाहिजे. ए4 आकाराला 300 डीपीआयने (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) साधारण 2480 × 3508 पिक्सेल लागतात, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुतेकदा तिथे कमी पडतो.

आपल्याकडचा उन्हाळा नोझलचा, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा, वैरी. कोरड्या हवेत शाई वाळून बसते, म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान काढायचं. आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा, म्हणजे नोझलवर झाकण बसतं. मी एप्रिलभर भिंतीवरचं बटण बंद करत राहिलो. जूनमध्ये आजीच्या लुगड्यातला हिरवा रंगच उमटेना.