पार्श्वभूमी : याओ मिंग यांची कारकीर्द आणि 2008 चा उन्हाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मैदानांवर बास्केटबॉलसाठी उंच मुलांचा शोध सुरू झाला की चीनचे माजी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, बहुधा संघातील सर्वांत उंच खेळाडू) याओ मिंग यांचे उदाहरण हमखास निघते, आणि ते बहुधा 7 फूट 6 इंच या उंचीपाशीच थांबते. ही कारकीर्द वयाच्या 30 व्या वर्षी का आटोपली, हा खानदेशातील प्रशिक्षकांच्या अधिक उपयोगाचा भाग मात्र मागे राहतो.

शांघायमध्ये 1980 साली जन्मलेल्या याओ यांचे आईवडील दोघेही बास्केटबॉल खेळाडू होते. 2002 मध्ये शांघायच्या संघाने चिनी लीगचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्यांना एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडले. चिनी बास्केटबॉल महासंघाची परवानगी आली ती ड्राफ्टच्या दिवशी सकाळी. त्यांच्याआधी अमेरिकेत गेलेल्या एका चिनी खेळाडूने राष्ट्रीय संघासाठी मायदेशी परतण्यास नकार दिला होता, त्यामुळे याओ यांनी देशाकडून खेळण्यासाठी परत यावे, अशी अट घालण्यात आली. पुढील दुखण्यांचा विचार या अटीला वगळून करता येत नाही.

पहिल्या तीन हंगामांत त्यांनी प्रत्येकी 82 सामन्यांपैकी अनुक्रमे 82, 82 आणि 80 सामने खेळले. पण विश्रांतीच्या काळात 2003 ची आशियाई स्पर्धा, 2004 चे अथेन्स ऑलिंपिक आणि 2005 ची आशियाई स्पर्धा होती. त्यानंतरच्या तीन हंगामांत हा आकडा 57, 48 आणि 55 वर आला. एप्रिल 2006 मध्ये डाव्या पायाचे हाड मोडूनही ते ऑगस्टमध्ये जपानमधील विश्वचषकात उतरले, आणि डिसेंबरमध्ये उजव्या गुडघ्याखालचे हाड मोडले.

फेब्रुवारी 2008 मध्ये डाव्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने हाडाला जाणारा तडा) आढळले आणि मार्चच्या आरंभी शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात ध्वज त्यांच्याच हाती होता, आणि चीन उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला तेव्हा ते मैदानावर होते. स्वतःच्या देशातील ऑलिंपिक चुकवणे त्यांना मानवणारे नव्हते, हे समजण्यासारखे आहे. परंतु एवढ्या वजनदार देहाखालचे हाड पाच महिन्यांत पूर्ववत होईल, हा हिशेब फार धाडसाचा होता. या निर्णयाचे समर्थक पुढच्या हंगामातील 77 सामन्यांकडे बोट दाखवतात आणि हा मुद्दा नाकारता येत नाही. तरीही त्याच हंगामाच्या अखेरीस, मे 2009 मध्ये, ह्यूस्टन प्रथमच त्यांच्यासह बादफेरीच्या दुसऱ्या टप्प्यात गेले असताना पुन्हा डाव्याच पायाच्या हाडाला बारीक तडा गेला. पुढील संपूर्ण हंगाम बुडाला, त्यानंतरच्या हंगामात अवघे 5 सामने झाले आणि डाव्या घोट्यातील स्ट्रेस फ्रॅक्चरने तोही संपवला. जुलै 2011 मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. नियमित हंगामांतील एकूण सामने 486, प्रति सामना सरासरी 19 गुण आणि 9.2 रिबाउंड (बास्केट हुकल्यावर परतलेला चेंडू ताब्यात घेणे).

एकट्या ऑलिंपिकला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही, कारण झीज एका उन्हाळ्यात झालेली नव्हती. क्लब आणि देश या दोन वेळापत्रकांमध्ये विश्रांतीचे महिने कोणी राखून ठेवले नाहीत. खानदेशात शाळा, क्लब आणि जिल्हा असे तिन्ही संघ एकाच उंच मुलावर डोळा ठेवून असतात आणि सराव बहुधा सिमेंटच्या कोर्टवर होतो; तेथे हा प्रश्न लहान प्रमाणात, पण तसाच उभा राहतो.

2016 मध्ये त्यांचा अमेरिकेतील बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. 2017 मध्ये, ज्या महासंघाने 2002 मध्ये परतण्याची अट घातली होती, त्याच्याच अध्यक्षपदी ते आले. 2024 पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळात चीनच्या पुरुष संघाला टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळवता आला नाही.