सोरायसिस असेल तर रक्तदाबही मोजा

सोरायसिसचा रुग्ण डॉक्टरांकडे जातो तेव्हा बोलणं होतं ते चट्ट्यांबद्दल, खाजेबद्दल, सुटणाऱ्या पापुद्र्यांबद्दल. कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं, हा प्रश्न क्वचितच निघतो. तो निघायला हवा, असं म्हणायला आता भक्कम आधार आहे.

ब्रिटनमधल्या सुमारे 1 लाख 30 हजार सोरायसिस रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, वजन यांचा परिणाम हिशेबात घेतल्यावरही तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या व्यक्तींना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला. सौम्य आजारात ही वाढ 29 टक्क्यांच्या आसपास होती. ‘तिप्पट’ वाचून छातीत धस्स व्हायचं कारण नाही. तिशीत झटका येण्याचं प्रमाण मुळातच इतकं कमी, की तिप्पट करूनही ते थोडंच राहतं. साठीत हा फरक तिप्पट नव्हे, 36 टक्क्यांचा होता. पण त्या वयात मूळ धोकाच मोठा असल्यामुळे हे 36 टक्के जड जातात.

मग कातडीचा आणि हृदयाचा संबंध काय? सोरायसिस हा मुळात रोगप्रतिकारशक्तीचा आजार. एरवी त्वचेची पेशी खालच्या थरात तयार होऊन गळून पडेपर्यंत साधारण महिना जातो; चट्ट्यात हेच सगळं चार-पाच दिवसांत उरकतं. ही घाई करवणारी रसायनं, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-17 वगैरे, रक्तातूनही फिरतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्यांनी बिघडतं, तिथे कोलेस्टेरॉल शिरतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि भिंतीत चरबीचा थर साचू लागतो. हा दाह, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने पेटवलेली ही आतली धग, चालूच राहिला तर या थरावरचं आवरण पातळ होतं. ते फाटलं की गुठळी, आणि गुठळीने वाट अडवली की झटका.

दाहाचा वाटा खराच किती, याचं उत्तर 2017 च्या ‘कॅन्टोस’ चाचणीने दिलं. कॅनाकिनुमॅब हे औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त दाह कमी करतं. तरीही झटका येऊन गेलेल्यांमध्ये पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण ही चाचणी सोरायसिसच्या रुग्णांवर नव्हती. म्हणून सोरायसिसची महागडी इंजेक्शनं हृदयही वाचवतात, असं कुणी सांगू लागलं तर थोडं थांबावं. अशाच एका इंजेक्शनच्या, अडॅलिमुमॅबच्या, चाचण्यांत त्वचा सुधारली, महाधमनीतला दाह मात्र हलला नाही.

तोवर हाताशी असलेले उपाय जुनेच आहेत: तंबाखू बंद, वजन आटोक्यात, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सोरायसिसला धोका वाढवणाऱ्या घटकांत धरलं आहे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू करायचं की नाही अशी द्विधा असेल, तर ही नोंद औषधाच्या बाजूने पारडं झुकवू शकते.

आणखी एक. त्वचेच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या ठाऊक असायला हव्यात. सोरायसिसवरच्या औषधांपैकी सायक्लोस्पोरिनने रक्तदाब चढू शकतो, अ‍ॅसिट्रेटिनने रक्तातली चरबी वाढू शकते. उलट हृदयासाठी दिलेल्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी काहींचा सोरायसिस उसळतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये. ती अचानक थांबवणं हृदयाला महागात पडू शकतं. डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.